सैनिकी संगणकांचा परस्परव्यवहार आणि आज्ञावलीची भाषा

दोन सेनादलांची संगणकयंत्रे परस्परांशी व्यवहार करू शकत नाहीत, कारण त्यांच्या आज्ञावल्या निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या असतात, असे पुष्कळदा म्हटले जाते. दोन माणसांस एकमेकांचे बोलणे कळावयाचे तर भाषा एक हवी. तोच न्याय येथे यंत्रांस लावलेला दिसतो. तो कितपत युक्त आहे, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

एकभाषेचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील संरक्षण खात्यात हवाई दलाची ‘जोव्हियल’, नौदलाची ‘सीएमएस-२’, भूदलाची ‘टॅकपोल’ अशी प्रत्येकाची चूल वेगळी होती. १९७५ मध्ये खात्याने एक कार्यगट नेमला. अपेक्षांचे मसुदे एकामागून एक तयार झाले, त्यांतील शेवटचा ‘स्टीलमन’ १९७८ चा. आणि १९७९ मध्ये चार स्पर्धक आराखड्यांतून झाँ इशबिआ ह्यांच्या गटाची भाषा निवडली गेली. तिला एडा लव्हलेस ह्यांचे नाव देण्यात आले व मानकाला त्यांच्या जन्मवर्षाचा, म्हणजे १८१५ हा, क्रमांक मिळाला. १९९१ मध्ये तिच्या वापराला कायद्याचे पाठबळ लाभले. १९९७ मध्ये मात्र खात्याने ही सक्ती मागे घेतली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ह्या खटाटोपाचा मुख्य हेतू खर्च आवरणे व देखभाल सुलभ करणे हा होता. भाषा एक झाली की यंत्रे आपोआप बोलू लागतील, हे त्यात गृहीत नव्हते.

ते गृहीत धरताही येत नाही. आज्ञावलीची भाषा ही लेखक आणि त्याचे यंत्र ह्यांच्यामधील भाषा होय. भाषांतरक तिचे यंत्रसंकेतांत रूपांतर करतो आणि मूळ भाषा तेथेच मागे राहते. दोन यंत्रांमध्ये जातो तो केवळ अंकांचा संदेश. पूर्वी एका गावच्या सावकाराची हुंडी दूरच्या पेठेत वटत असे, ती दोघांची घरची बोली एक म्हणून नव्हे, तर हुंडीच्या मजकुराची रीत ठरलेली म्हणून. ‘नाटो’ राष्ट्रांच्या ‘लिंक-१६’ ह्या संदेशव्यवस्थेचे मर्म हेच आहे. कोणत्या रकान्यास किती बिट, उंचीचे माप कोणते, हे तीत आधीच ठरलेले असते. आज्ञावली कोणत्या भाषेत आहे, हे तेथे कोणी विचारीत नाही.

तथापि भाषा अगदीच निरुपद्रवी आहे, असेही म्हणता येत नाही. ‘एडा’मध्ये प्रत्येक रकान्याचे स्थान लेखकास बिटांपर्यंत नेमून देता येते. ‘सी’मध्ये बिट-रकान्यांची मांडणी बऱ्याच अंशी भाषांतरकावर सोपविलेली आहे. अशा वेळी स्मृतीतील मांडणी जशीच्या तशी बाहेर धाडली, तर ‘सी’तच लिहिलेल्या दोन यंत्रांचेही जमेल असे नाही. उलट, एकाने उंची फुटांत व दुसऱ्याने मीटरांत मानली, तर दोन्हीकडे ‘एडा’ असूनही अनर्थ टळत नाही. पहिला दोष रूपाचा, दुसरा अर्थाचा. भाषेची निवड पहिल्यास काहीसा आळा घालते, दुसऱ्यास क्वचितच.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. २३ मार्च २००३ रोजी कुवेतच्या सीमेजवळ अमेरिकी ‘पेट्रिअट’ क्षेपणास्त्राने ब्रिटिश ‘टॉर्नेडो’ विमान पाडले आणि दोन वैमानिक मृत्यू पावले. ब्रिटिश चौकशीत विमानाच्या ओळखयंत्रणेतील संभाव्य बिघाड, क्षेपणास्त्र ओळखण्याचे फार व्यापक निकष, दलाचे प्रशिक्षण आणि तोफखान्याचा इतरांशी तुटलेला संपर्क अशी कारणे पुढे आली. ह्यांतील एकही कारण आज्ञावलीच्या भाषेचे नव्हे. प्रश्न होता तो चिन्ह पोहोचण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा.

तात्पर्य, सेनांनी भाषा एक करावी की नाही हा काटकसरीचा व शिस्तीचा प्रश्न आहे. परस्परव्यवहारासाठी एक व्हावयास हवी ती संदेशाची रीत आणि त्यातील प्रत्येक चिन्हाचा अर्थ.