घामाघूम घोड्याला तहान का लागत नाही?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५५ साली सुरू झालेल्या ‘टेव्हिस कप’ शर्यतीत घोड्याला एका दिवसात १०० मैल डोंगरवाट तुडवावी लागते. घामाने निथळूनही तो कधीकधी पाण्याला तोंड लावत नाही. असे का?

तुमचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. घाम गेला की रक्तातील मिठाचे प्रमाण वाढते आणि मेंदूला तहानेची वर्दी मिळते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना अधिक खारट! पाण्याबरोबर मीठही गेल्याने वर्दी पोहोचतच नाही. वाटेत स्वार घोड्याला क्षार चारतात व पाणी दाखवतात, ते यासाठीच.

ठाण्याठाण्यावर पशुवैद्य हिरडी दाबून पाहतात. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी लागते. पोटाला नळी लावून आतड्यांची गुरगुर ऐकतात. तिथली शांतता वाईट. थांबल्यावरही नाडी उतरली नाही, तर त्या घोड्याची शर्यत तिथेच संपते.