खंडोबा कोणत्या कपाटात?

ग्रंथालयात 'धर्म' अशी पाटी लावलेल्या कपाटापाशी खंडोबाच्या शोधात उभं राहिलं, तर हाती फारसं काही लागत नाही. मल्हारी माहात्म्याची एखादी प्रत, दोन-चार तीर्थवर्णनं, आणि कधीकाळी कुणा भाविकाने घरची पुस्तकं देणगी दिली असतील तर त्याच्या कुलदैवताच्या आरत्यांची पुस्तिका. एम.ए.ची मुलं सुरुवात इथूनच करतात आणि आठवड्याभरात येऊन सांगतात, "मॅडम, खंडोबावर मटेरियलच नाहीये." मटेरियल आहे, भरपूर आहे. त्या पाटीखाली नाही, एवढंच.

जेजुरीच्या सोमवती अमावास्येवर जॉन स्टॅन्ली यांचा १९७७चा एक उत्तम निबंध आहे. तो 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'च्या बांधीव अंकांत, म्हणजे नियतकालिक विभागात. जेजुरीचं जुनं सरकारी वर्णन १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये, आणि गॅझेटियर ठेवलेलं असतं इतिहासाकडे. म. श्री. माटे यांचं महाराष्ट्रातल्या देवळांवरचं १९६२चं इंग्रजी पुस्तक बहुधा स्थापत्याच्या शेजारी सापडतं. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' इंग्रजी कवितेत. देवाला मुली वाहण्याच्या, म्हणजे मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून मोहीम चालवली, ती दलित चळवळीच्या कपाटात. १९३४चा मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा विधी विभागात. धनगरांच्या ओव्या लोकसाहित्यात. देव एक, दालनं सात.

यात ग्रंथपालांना बोल लावण्यात अर्थ नाही. ड्यूईची दशांश पद्धत १८७६ची, अमेरिकेत जन्मलेली. त्यात २०० हा आकडा धर्माचा, पण २२० ते २८९ एवढी ऐसपैस जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगाची सोय २९०च्या ओसरीवर. हिंदू २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, शीख २९४.६, पारशी २९५, ज्यू २९६, इस्लाम २९७. रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आणलं तेव्हा ही रांग त्यांनी फिरवली. वैदिक धर्म पहिला, मग वेदोत्तर हिंदू धर्म, जैन, बौद्ध. ख्रिस्ती धर्म सहावा. रांग फिरली, पण माझ्या मते समजूत तीच राहिली: धर्म म्हणजे ग्रंथ, पंथ आणि तत्त्वज्ञान. बिरोबापुढे रात्रभर ओव्या गाणारा धनगर किंवा कोटम्यात भंडार घेऊन दारोदार फिरणारा वाघ्या दोघांच्याही धर्मात बसत नाही. त्याला मानववंशशास्त्रात नाहीतर लोकसाहित्यात पाठवून देतात.

पुण्यातली जुनी ग्रंथालयं बहुतेक बंद मांडणीची. वाचकाने आत जायचं नाही; कार्डांचे लाकडी खण चाळायचे, चिठ्ठीवर लेखक, शीर्षक, वर्गांक, दाखल क्रमांक लिहायचा आणि बसून राहायचं. असाच एक 'ख'चा खण मला पाठ आहे. त्यात खंडोबाच्या नावाचं कार्ड एकच. टंकलेखनयंत्रावर उमटवलेली तीन ओळींची नोंद, कडा बोटांनी मऊ झालेल्या. पण उजव्या कोपऱ्यात कुणीतरी टाकाच्या शाईने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: 'पाहा – मल्लारि, मार्तंड, म्हाळसाकांत, मैलार'. लिहिणारा ग्रंथपाल कोण, ते आता तिथल्या कुणाला ठाऊक नाही. त्या एका ओळीवर माझ्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध उभे राहिले. पुढे तिथली यादी संगणकावर चढवली गेली. टंकलिखित मजकूर चढला, शाईचा राहिला. संगणकापाशी बसणाऱ्या मुलांना म्हणून मी आधी खण उघडायला लावते. त्यांना ते म्हातारपणाचं लक्षण वाटतं.

चिठ्ठी आत गेली की दोनपैकी एक उत्तर येतं: 'जागेवर नाही' किंवा 'बाइंडिंगला'. तेवढ्यावर उठून जाणारा खरा शोध घालवतो. चिठ्ठी नेणारे मामा कपाटांमध्ये वीस-पंचवीस वर्षं वावरलेले असतात आणि त्यांना पुस्तकं विषयाने नाही, जागेने आणि रंगाने ठाऊक असतात. "ते नाही मिळायचं, ताई," असंच एकदा मामा म्हणाले, "पण त्याच्या बाजूला निळ्या बाइंडिंगचं एक आहे, जत्रांचं. आणू का?" त्या निळ्या बाइंडिंगमध्ये वेगवेगळ्या गावच्या देवस्थानांनी छापलेल्या पातळ पुस्तिका एकत्र शिवलेल्या होत्या. वर्गांक फक्त पहिल्या पुस्तिकेचा, बाकीच्यांची कुठेच नोंद नाही. अशी शिवलेली बाडं जवळपास प्रत्येक जुन्या ग्रंथालयात असतात. ती यादीत शोधून सापडत नाहीत, विचारून सापडतात.

मग एखाद्या काळात खंडोबावर मराठीत काय काय छापलं गेलं, हे कळायचं कसं? त्यासाठी शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ला पर्याय नाही. पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातल्या छापील पुस्तकांचा, तो १९४३ साली निघाला. दुसरा १९३८ ते १९५०चा, तो १९६१ साली. दाते सूची ही वाचण्याची वस्तू आहे, नुसती शोधण्याची नाही. क्षेत्रमाहात्म्यं, आरत्या, स्तोत्रं यांच्या नोंदी ओळीने वाचत गेलं की कुठल्या छापखान्याने कोणत्या देवाची पुस्तिका पुन्हा पुन्हा काढली ते दिसू लागतं, आणि एखाद्या देवाचं गावाबाहेर पडणं सालांसकट हाती येतं. सूचीत नोंद आहे पण प्रत कुठेच नाही, असंही होतं. तेव्हा लंडनकडे बघावं लागतं. १८६७च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्यामुळे इथली छापील पुस्तकं सरकारदप्तरी नोंदली जात आणि त्यांतली काही तिकडे जात. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली यादी १८९२ची. ती आता आंतरजालावर सहज उघडते.

लंडनपेक्षाही चमत्कारिक वाट अमेरिकेची. अमेरिकेने आपल्याला गहू दिला, त्याची किंमत रुपयांत इथेच साठत गेली. पी.एल. ४८० या नावाने आपल्या आजी-आजोबांना लक्षात असलेला तोच गहू. १९६२पासून त्या रुपयांचा काही भाग पुस्तकखरेदीला वळला. दिल्लीतलं लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय भारतभर छापलेली पुस्तकं घेई आणि तिकडच्या विद्यापीठांना पाठवी. निवड करणाऱ्यांचा हात सढळ होता. जे आपल्याकडे कुणी दाखल करून घेतलं नसतं, तेही गेलं. त्यामुळे पुण्यात छापलेल्या एखाद्या मराठी पुस्तकाची नोंद पुण्यात नाही आणि शिकागोत आहे, हा अनुभव आमच्या कामात नित्याचा. त्याच शिकागोत ग्रंथपाल असलेल्या मॉरीन पॅटरसन यांनी १९८१ साली दक्षिण आशियावरची प्रचंड सूची प्रसिद्ध केली. ती जुनी झाली म्हणून टाकणारे लोक आहेत, मी नाही.

आंतरजालाचं म्हणाल, तर त्याने श्रम कमी केले नाहीत, ते हलवले. पूर्वी चिठ्ठी लिहून थांबायचं, आता एकच शब्द दहा तऱ्हांनी टंकून बघायचा. खंडोबा, खण्डोबा, मल्लारि, मल्हारी. रोमन लिपीत साधा, आणि वर-खाली टिंबं-रेघा दिलेलाही. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं पुस्तक असेल तर 'खंडोबाचें' अशी अनुस्वारासकट रूपं. इंटरनेट अर्काइव्हवर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, त्यातला बराच जुन्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाकडून आलेला. पण तिथली शीर्षकं कुठल्याशा केंद्रात घाईने रोमनमध्ये टंकलेली: दुहेरी स्वर, गळलेली जोडाक्षरं, लेखकाच्या जागी संपादक, सालाच्या जागी भलतंच साल. पुस्तक उघडून शीर्षकपान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या नोंदीवर विश्वास ठेवू नये. बरीच वर्षं तिथे देवनागरी पुस्तकाखाली 'या भाषेचं अक्षरवाचन होत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असे. अलीकडे यंत्र देवनागरी वाचू लागलं आहे, पण शिळाप्रेसवर छापलेली पोथी पुढे आली की ते अजून चाचपडतं.

हाथीट्रस्टचा एक उपयोग मुलांना सांगावा लागतो. हक्कांमुळे पुस्तक बंद असलं तरी आतला शब्द शोधता येतो. मजकूर दिसत नाही, पण कुठल्या पानावर तो शब्द किती वेळा आला आहे ते कळतं. पानांचे आकडे टिपून घ्यायचे आणि तेच पुस्तक इथल्या ग्रंथालयात मागवून ती पानं वाचायची. शोधगंगेवर प्रबंध उघडला की प्रकरणांचे तुकडे वेगवेगळ्या फायलींत येतात, आणि मराठी प्रबंध बहुतेक वेळा नुसती छायाचित्रं असतात, त्यात शब्द शोधता येत नाही. मी मुलांना सगळ्यात आधी शेवटची फाइल उघडायला सांगते, संदर्भसूचीची. प्रबंध सुमार निघाला तरी त्या मुलाने जिल्ह्याच्या ठिकाणी बसून गोळा केलेली स्थानिक पुस्तकांची यादी सोन्यासारखी असते. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर मोल्सवर्थ, दाते-कर्वे यांचा शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे सगळं एका ठिकाणी आहे. ते खिडकीत कायम उघडं असावं. ट्यूबिंगन विद्यापीठाची 'रेलबिब' ही धर्माभ्यासाची सूची कुणालाही फुकट पाहता येते. मराठीत लिहिलेले लेख मात्र तिच्या भरवशावर शोधू नयेत.

या सगळ्यांहून मोठं साधन म्हणजे एका चांगल्या पुस्तकाच्या तळटीपा. खंडोबासाठी ते पुस्तक ग्युंटर सोंथायमर यांचं. हा मूळचा कायद्याचा अभ्यासक. एकत्र हिंदू कुटुंबावरचं त्यांचं १९७७चं पुस्तक आजही विधी विभागात असतं. दुसरीकडे ते धनगरांबरोबर माळरानं तुडवत होते. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तिघांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला, अॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ साली. त्यातली एक तळटीप अशी उलगडते: ओवीचा संदर्भ, ती कुणी गायली, कुठल्या गावी, सोबत त्या देवाच्या छापील माहात्म्याची नोंद, आणि शेजारी रा. चिं. ढेरे यांचं नाव. आता ढेऱ्यांचं 'खंडोबा' काढायचं. ढेरे आणखी कुणाचं नाव सांगतात, ते दाते सूचीत तपासायचं. एका टिपेवर एक दुपार जाते, आणि जायलाच हवी. संगणकावर शब्द टाकून जे सापडतं ते मी मागितलेलं असतं. टीप जे दाखवते ते मागायचं मला सुचलंच नसतं.

सोंथायमर १९९२ साली गेले. त्यांनी ध्वनिफितींवर उतरवून घेतलेल्या धनगरी ओव्यांपैकी दोन मोठी आख्यानं फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या सोबतीने २०१४ साली इंग्रजीत आणली. आवाजाचं हे साधन धर्माच्या कपाटात सोडाच, कुठल्याच कपाटात मावत नाही. तसंच जात्यावरच्या ओव्यांचं. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आता 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावरून टप्प्याटप्प्याने वाचायला-ऐकायला मिळतो. जेजुरीला पायी निघालेली बाई देवाला काय म्हणते, त्याच्या दोन बायकांपैकी बाणाईची बाजू घेते की म्हाळसेची, हे कुठल्या माहात्म्यात नाही, तिथे आहे. माझी एक विद्यार्थिनी सध्या तेवढंच करते आहे. तिच्या मार्गदर्शकांनी आधी विचारलं होतं, यात धर्म कुठे आहे? हल्ली विचारत नाहीत.

जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडाऱ्याच्या ढिगांशेजारी विकल्या जाणाऱ्या पुस्तिका मी दर खेपेला नव्याने घेते. मुखपृष्ठ तेच, पण आत कधी एखादी आरती वाढलेली असते, कधी मणि-मल्लाच्या कथेतला एखादा प्रसंग गळलेला. बऱ्याच पुस्तिकांवर सालच नसतं, म्हणून विकत घेतल्याची तारीख पेन्सिलीने मागच्या पानावर टाकते. ग्रंथालयाला द्यायला गेले तर पावती नाही, किंमत नगण्य, दाखल कशी करायची हा प्रश्न येतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला पाठवायची असते. पायऱ्यांवरच्या दुकानदाराला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे देणगीची पावती फाडायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

ओव्यांवर काम करणाऱ्या त्या विद्यार्थिनीचं काम आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कार्डावरच्या शाईतला शेवटचा शब्द मैलार. खंडोबाची वाट कर्नाटकातल्या मैलारलिंगाकडे आणि पुढे तेलंगणातल्या कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाकडे जाते. तिथली माहात्म्यं कन्नडात आणि तेलुगूत, आणि आमच्याकडच्या कार्डांच्या खणांत त्या लिप्याच नाहीत. सोलापूरची एक मैत्रीण कन्नड वाचते. तिला दिवाळीनंतर सवड आहे.