दुकान आपले, ओटा परक्याचा!

फोनवरून माल विकताय? मग हंगामाआधी एवढे कराच

पूर्वी भाव कळायचा तो बाजार समितीच्या फळ्यावर. आता आधी खिशातला फोन वाजतो. शहादा तालुक्यातली पपई-केळी असो, की नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी मिरची असो, मालाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की दूरचा व्यापारीसुद्धा विचारपूस करतो. प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला आणि तापी-गोमाईच्या संगमावर विधींसाठी येणारी मंडळीही निघण्याआधी फोनवर माहिती शोधतात. त्यामुळे पूजासाहित्याचे दुकान, खानावळ, गाडीवाला सगळ्यांचा धंदा थोडाफार या फोनवर आला आहे.

सोय मोठी, यात वाद नाही. पण हा ओटा आपल्या मालकीचा नाही. मालक केव्हाही नियम बदलतो आणि बदलताना आपल्याला विचारत नाही.

आजवर काय काय बदलले?

जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला अग्रक्रम दिला आणि दुकानदारांच्या पानांवरचा मजकूर लोकांना कमी दिसू लागला. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या जामदे गावच्या एका कलाकार कुटुंबाचे टिकटॉकवर लाखो चाहते होते. ते एका रात्रीत गेले आणि यूट्यूबवर पहिल्यापासून मांडामांड करावी लागली. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम ही तिन्ही दुकाने एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली. तोडणी झालेल्या मालाला सहा तास म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको.

अलीकडचे पाहा. 1 जानेवारी 2025 पासून अँड्रॉइड 5.0 पेक्षा जुन्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही. 19 फेब्रुवारी 2025 पासून फेसबुकवर थेट दाखवलेला कार्यक्रम तिथे फक्त 30 दिवस राहतो. पीक प्रात्यक्षिक किंवा मेळावा थेट दाखवला असेल, तर तो महिन्याच्या आत उतरवून घ्या. नाहीतर गेला म्हणून समजा.

विक्रेत्यांनी काय करावे?

पहिले काम वहीचे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव, नंबर आणि त्याने काय घेतले, हे कागदावर उतरवा. फोन बिघडला, खाते बंद झाले, तरी वही घरात राहते.

दुसरे, गिऱ्हाइकाला तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये नावानिशी साठवायला सांगा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून तुम्ही 256 जणांना एकदम निरोप धाडू शकता, पण ज्याने तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला तो पोहोचतच नाही. "निरोप टाकला, पण कुणी विचारेना" ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते.

तिसरे, धंद्याचा नंबर बदलू नका आणि त्याचे रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग तुमचे गिऱ्हाईक भलत्याच माणसाशी बोलते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये सहा अंकी पिन लावून घ्या. "तुमचे पान बंद होणार आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. नव्या नियमाच्या नावाखाली फसवणारे फार झाले आहेत. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा व्यवहार करणाऱ्यांनी आणि बैल-म्हशी विकणाऱ्यांनी आणखी एक जपावे. जनावरांची विक्री व्हॉट्सॲप बिझनेसच्या नियमांत बसत नाही. तिथल्या मालाच्या यादीत जनावर टाकले, तर ते काढले जाऊ शकते, खात्यालाही अडचण येऊ शकते.

गावकारभाऱ्यांसाठी

तलाठी-ग्रामसेवक, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकारी व ग्रामपंचायत अधिकारी, यांनाही हे लागू आहे. हतनूरचे पाणी सुटले आणि प्रकाशा बॅरेजचे दरवाजे उघडले की काठच्या गावांना इशारा हल्ली ग्रुपवर जातो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 1024 जण मावतात. 2018 पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे धाडता येतो. एप्रिल 2020 पासून, जो निरोप फार फिरला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणून इशारा आलेला तसाच ढकलू नका. नव्याने लिहा, वर तारीख-वेळ घाला आणि प्रत्येक वस्तीच्या ग्रुपवर टाकणारा माणूस आधीच नेमून ठेवा. नदीकाठी मोटार काढायला गेलेल्या माणसाला रेंज असेलच असे नाही. तेव्हा दवंडी आणि भोंगा सोडून चालणार नाही.

ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा, खरिपाआधी आणि पपई-मिरचीचा हंगाम सुरू होण्याआधी, अर्धा दिवस राखून ठेवावा. गावातली जाणती पोरे-पोरी, बचतगटाच्या ताई आणि दुकानदार यांना एकत्र बसवावे. कुणाचा फोन जुना झाला, कोणता नियम बदलला, कुणाची वही अपुरी आहे, हे तपासावे. कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना बोलवायला हरकत नाही. खर्च म्हणाल तर चहापाण्यापुरता.

नांगर, मोटार आपण हंगामाआधी तपासतोच. आता त्याच रांगेत फोनही बसवा. आणि आज रात्री जेवण झाले की वही उघडून पहिली दहा नावे लिहून काढा.