मांजराचे लॅटिन नाव

मुलांनो, मांजर तुम्ही रोज पाहता. उर्दूत तुम्ही ‘बिल्ली आयी’ म्हणता. मराठीत मात्र ‘मांजर आले’ म्हणावे लागते. उर्दूत दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरे लिंगही आहे. ते लक्षात ठेवताना तुमची तारांबळ उडत असेल, नाही का? प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेतही तीन लिंगे होती. त्या भाषेत मांजराला काय म्हणत, ते पाहू या.

लॅटिनमधील जुना शब्द ‘फेलेस’. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात इजिप्तमधील मांजरांविषयी लिहिताना हाच शब्द वापरला. हा शब्द स्त्रीलिंगी होता. मांजर नर असो वा मादी, शब्द स्त्रीलिंगीच! म्हणजे व्याकरणातील लिंग हे शब्दाचे असते, प्राण्याचे नव्हे.

पुढे ‘कात्तुस’ हा नवा शब्द आला. पॅलाडियस या लेखकाने शेतीवरील आपल्या ग्रंथात, पिकाच्या रक्षणासाठी शेतात मांजरे पाळावीत, असे सांगताना तो वापरला. अरबीतही मांजराला ‘कित्त’ म्हणतात. हा शब्द उत्तर आफ्रिकेतून रोमला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पण त्यांच्यात एकमत नाही.

आता थोडे व्याकरण पाहू. नर तो ‘कात्तुस’ आणि मादी ती ‘कात्ता’. जसे तुमचे ‘बिल्ला’ आणि ‘बिल्ली’. ‘कात्तुम’ म्हणजे मांजराला आणि ‘कात्ती’ म्हणजे मांजराचा. उर्दूत ‘बिल्ली को’ लिहिताना ‘को’ वेगळा राहतो. मराठीत ‘ला’ शब्दालाच जोडतात. लॅटिनमध्येही शब्दाचा शेवटच बदलतो. म्हणून ‘मूस कात्तुम विदेत’ म्हणा किंवा ‘कात्तुम मूस विदेत’ म्हणा, अर्थ एकच: उंदीर मांजराला पाहतो. यातील ‘मूस’ म्हणजे उंदीर. फारसीतला ‘मूश’ आणि संस्कृतातला ‘मूषक’ हे त्याचेच नातलग!

‘कात्तुस’पासून इटालियन ‘गात्तो’, स्पॅनिश ‘गातो’ आणि फ्रेंच ‘शा’ हे शब्द झाले. ‘फेलेस’ही पुसला गेला नाही. १७५८ साली लिनियस या शास्त्रज्ञाने मांजराला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात हे दोन्ही शब्द आहेत: ‘फेलिस कॅटस’.

लॅटिनपासून झालेल्या या तिन्ही भाषांतील नामांत आता दोनच लिंगे उरली आहेत. आपल्याकडेही तसेच घडले. संस्कृतात तीन लिंगे होती. उर्दूत दोन राहिली, मराठीने तिन्ही जपली. तेव्हा मुलांनो, ‘मांजर आली’ असे चुकून तोंडून गेले तर खट्टू होऊ नका. तुमची भाषा एका वाटेने गेली, मराठी दुसऱ्या वाटेने, एवढेच!