विकलेली विद्या आणि वांचलेली कंपनी

दिवाळीच्या सुटींत घरांतील मुलें ज्या खेळाच्या पेटीभोंवतीं कोंडाळें करून बसतात, तिच्या पोटांत काय आहे असा प्रश्न वडीलधाऱ्यांस सहसा पडत नाहीं. सोनीची ‘प्लेस्टेशन ४’ आणि मायक्रोसॉफ्टची ‘एक्सबॉक्स वन’ या दोन हाडवैरी पेट्या २०१३ सालीं बाजारांत आल्या, तेव्हां दोहोंतील मुख्य चिप एकाच कंपनीनें योजिलेली होती. दोन भांडणाऱ्या घरांस एकच आचारी मिळावा तसाच हा प्रकार! आणि नवल असें कीं, त्या आचाऱ्याच्या स्वतःच्या घरीं मात्र तेव्हां चूल पेटण्याची पंचाईत होती. ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजेच ए. एम. डी., ही ती कंपनी.

कॅलिफोर्नियांत १९६९ सालीं जेरी सँडर्स व त्यांचे सहकारी यांनीं ती काढली. इंटेल तिच्याहून एकाच वर्षानें वडील. पुढें आय. बी. एम.नें आपल्या लहान संगणकासाठीं इंटेलची चिप पत्करली. परंतु एकाच दुकानदारावर विसंबून राहणें त्या सावध गिऱ्हाइकास मान्य नव्हतें. म्हणून १९८२ सालीं इंटेलनें आपली विद्या करारानें ए. एम. डी.स दिली. चार वर्षांतच इंटेलचा हात आंखडला. ‘३८६’ चिपेचीं रहस्यें देण्याचें तिनें नाकारलें. १९८७ पासून लवादाचें आणि कोर्टाचें दळण सुरू झालें, तें १९९५ सालीं तडजोड होऊन थांबलें. ए. एम. डी.च्या हातीं इंटेलच्या धाटणीची चिप करण्याचा हक्क राहिला. जुन्या वतनाच्या सनदेप्रमाणें त्यासहि अटी होत्या. पुढील करारांत तर कंपनीची मालकी परक्याकडे गेल्यास हक्क संपुष्टांत येईल असें कलम आहे. त्यामुळें कोणी सावकार येऊन सारी कंपनीच विकत घेईल, ही वाटहि तिला जवळजवळ बंद होती.

२००६ सालीं तिनें सुमारें ५४० कोटी डॉलर मोजून कॅनडांतील ए. टी. आय. ही चित्रचिपा करणारी कंपनी घेतली. ऐपतीबाहेरचें लग्न काढल्यावर घराची जी अवस्था होते, तीच येथें झाली. २००७ आणि २००८ या दोन्ही वर्षीं प्रत्येकीं तीनशें कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. मग मोडतोडीस आरंभ झाला. २००९ सालीं तिनें आपले कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ‘ग्लोबलफाउंड्रीज’कडे सोंपविले. वेगळ्या निघालेल्या भावास वाड्यांतील आडाचें पाणी चालेल काय, असा वाद लगेच उभा राहिला. नव्या कारखान्यास आपल्या कराराचा लाभ मिळूं नये, असें इंटेल म्हणूं लागली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सर्वच भांडणें मिटलीं आणि इंटेलनें उलट १२५ कोटी डॉलर ए. एम. डी.स दिले.

त्याच साली हातांतल्या यंत्रांसाठींची चित्रविद्या तिनें क्वालकॉमला अवघ्या साडेसहा कोटींस विकून टाकली. ‘रेडिऑन’ या ए. एम. डी.च्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें उलटसुलट केलीं कीं ‘ॲड्रेनो’ होतें. त्या नांवाची चिप आज असंख्य मोबाइलांत आहे. अडचणींत विकलेली चांदी ती हीच. २०१३ सालीं टेक्सासमधील ऑस्टिन येथील स्वतःचें आवार १६·४ कोटींस विकून कंपनी तेथेंच भाडेकरू म्हणून राहिली. दळणाची गिरणी तर विकलीच, पण दळण त्याच गिरणींत टाकण्याचा करार मात्र गळ्यांत राहिला. ठरलेला माल उचलतां येईना, म्हणून २०१२ सालीं तिला ३२ कोटी डॉलर भरावे लागले.

ऑक्टोबर १९१४ नव्हे, २०१४ मध्यें (शतकाची चूक लेखणीस सहज होते) डॉ. लिसा सू यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. पुढच्याच वर्षीं विक्री सुमारें चारशें कोटी डॉलरांची आणि तोटा ६६ कोटींचा झाला. शेअर दोन डॉलरांच्याहि खालीं उतरला. कर्ज दोनशें कोटींहून अधिक होतें. गृहिणींना हें सांगावयास नकोच कीं, घर तोट्यानें एकाएकीं बुडत नाहीं; देणेकरी दारीं उभा असतां डब्यांत रोकड नसली म्हणजे बुडतें. डॉ. सू यांच्यापुढें प्रश्न रोकडीचाच होता, कारण ‘झेन’ या नव्या चिपेची आंखणी अर्ध्यावर होती आणि ती पुरी होईपर्यंत पगार चालवावयाचे होते.

एप्रिल २०१६ मध्यें तोड निघाली. चीनमधील एका संस्थेस ‘झेन’ची विद्या वापरूं देण्याचें ठरलें, मोबदला २९·३ कोटी डॉलर, तोहि कामाच्या टप्प्याटप्प्यानें, आणि पुढें विक्रीवर हक्काची रक्कम. वर्षाच्या तोट्याच्या निम्मीहि नव्हे, तरी दुसऱ्याच दिवशीं शेअर एकदम ५२ टक्के चढला! कारण उघड आहे. जमीन विकली कीं सातबाऱ्यावरून नांव जातें. विद्या दिली तरी देणाराच्या डोक्यांत ती राहतेच, आणि तिच्यावरचा खर्च आधींच झालेला असतो. इंटेलची सनद तिसऱ्यास देतां येत नव्हती, म्हणून दोन भागीदारी कंपन्या काढल्या, एकींत ए. एम. डी.चा वांटा ५१ टक्के, दुसरींत ३०. आम्हांस ही युक्ति कायद्याच्या कुंपणावरून चालल्यासारखी वाटते. पण १९८२ सालच्या शिष्यानें आतां स्वतः शिष्य केला, यांत न्यायहि दिसतो.

पैसा पुरला. मार्च २०१७ मध्यें ‘रायझन’ या नांवानें ती चिप बाजारांत आली आणि गिऱ्हाईक परतलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें ए. एम. डी.चें बाजारमूल्य प्रथमच इंटेलहून अधिक झालें. इंटेलला २०२४ सालीं १८८० कोटी डॉलरांचा तोटा आला.

चिनी शिष्याचें काय झालें? जून २०१९ मध्यें अमेरिकन सरकारनें त्या कंपन्यांस निर्बंधांच्या यादींत घातलें. पहिल्या पिढीपलीकडील विद्या ए. एम. डी.नें दिलेली नव्हती. तरीहि हायगॉन ही त्यांतील कंपनी टिकली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें शांघायच्या बाजारांत तिचे शेअर विक्रीस आले. ‘झेन’ हा जपानी शब्द मुळीं आपल्या ‘ध्यान’ शब्दावरून चीनमार्गें तिकडे गेलेला. हायगॉननें आपल्या चिपेस जें नांव दिलें, तें ‘ध्यान’ हेंच.