धायटीचं चित्र काढूया

आपल्या बचत गटांतल्या बऱ्याच जणी पणत्या, कापडी पिशव्या, शुभेच्छापत्रं रंगवतात. त्यांवर फूल कोणतं असतं? बहुतेक वेळा गुलाब, नाहीतर कमळ. तेच फूल बाजारातल्या छापील मालावरही असतं. मग आपल्या हातच्या वस्तूला गिऱ्हाइकानं दोन पैसे जास्त का द्यावेत? म्हणून आज आपल्या डोंगरातलं फूल रंगवायला शिकू. ते फूल म्हणजे धायटी, कुणी याला धायफूल म्हणतात.

आपलं नांदुरा सपाटीवर. पण उत्तरेला जळगाव जामोदच्या पुढे सातपुडा आहे आणि दक्षिणेला मोताळ्याहून घाट चढलं की अजिंठ्याची डोंगररांग. अशा खडकाळ उतारावर धायटी वाढते. माणसाच्या उंचीचं किंवा थोडं मोठं झुडूप. तोडलं तरी बुडापासून पुन्हा फुटतं. उन्हाळ्याच्या तोंडाला रान सुकत येतं, तेव्हा हिच्या फांद्या लालभडक होतात.

चित्र काढण्याआधी नीट बघायचं. फांद्या सरळ उभ्या नसतात, कमानीसारख्या खाली वाकतात. पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी टोकदार. वरून हिरवी, खालून पांढुरकी. फुलं टोकाला नाहीत, तर फांदीच्या अंगानं झुपक्यांनी येतात. आणि गंमत ऐका: लाल दिसते ती पाकळी नव्हेच! ती फुलाच्या बाहेरची नळी, म्हणजे निदलपुंज. खऱ्या पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. नळीतून केसर बाहेर डोकावतात. म्हणून गुलाबासारख्या गोल पाकळ्या काढल्या, तर ती धायटी होणार नाही.

आता रंगवायला घ्या. आधी फिक्या रंगात लांबचे डोंगर. लांबचं ते फिकं आणि निळसर, जवळचं ते गडद, एवढं लक्षात ठेवा. मग पिवळं वाळलेलं गवत, पुढे काळा खडक. खडकाच्या फटीतून निघालेल्या वाकड्या फांद्या. पानं थोडीच, कारण बहराच्या वेळी बरीचशी गळलेली असतात. सगळ्यात शेवटी फुलं: ब्रशचं टोक टेकवून लहान लहान नळ्या आणि वर केसरांच्या बारीक रेघा.

रंग घरचेही चालतात. गेरू, पिवळी माती, काजळी आणि चुना. हेच रंग अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रकारांनीही वापरले. कागदावर वापरताना गेरू आणि माती वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा, म्हणजे हाताला लागणार नाही. हळद मात्र टाळा. ती उन्हात उडते, आणि चुना लागला की लाल होते. धायटीचा भडक नारिंगी रंग गेरूत उतरत नाही, तेवढ्यापुरता पोस्टर कलर घ्या.

फुलासाठी फांदी तोडू नका. ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच तोडता येत नाही. मोबाइलवर फोटो काढा, गळून पडलेलं एखादं फूल जवळून न्याहाळा.

धायटीची फुलं आयुर्वेदात धातकी म्हणून ओळखली जातात. आसवं-अरिष्टं आंबवण्यासाठी ती वापरतात. गावातल्या म्हाताऱ्या बायांना असं बरंच ठाऊक असतं, पण आपल्या मुलींना झुडूपही ओळखू येत नाही. ओळख नसलेलं झाड सरपण म्हणून तुटतं. एकदा हातानं काढलेलं झाड मात्र मुलगी विसरत नाही. म्हणून चित्र काढताना मुलींना आणि आजीबाईंना शेजारी बसवा. शुभेच्छापत्राच्या मागे फुलाचं नाव आणि दोन ओळींची माहिती लिहा. घेणाऱ्यालाही कळेल की हे चित्र कुठल्या मातीतलं आहे.

पुढच्या गटबैठकीत एक तरी धायटी कागदावर उतरू द्या.