चिखलाचं अभयारण्य

ठाणे खाडीचं नाव निघालं की बोलणं लगेच गुलाबी थव्यांवर जातं. ते साहजिक आहे. लाखाच्या वर रोहित पक्षी एका महानगराच्या कुशीत उतरतात, असं दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसतं. पण हे पक्षी ज्याच्यासाठी येतात, त्या चिखलाबद्दल आपण क्वचितच बोलतो. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली पाहिलं तर दूरवर राखाडी, ओलसर, वास मारणारी जमीन पसरलेली दिसते. गाडीच्या काचा वर होतात. माझ्या मते मुंबई आणि ठाण्याच्या परिसरात याहून मोलाची जमीन दुसरी नाही.

ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधला खाडीचा पश्चिम किनारा ६ ऑगस्ट २०१५ रोजी ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी व चिखल. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्या पाठोपाठ २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला, आणि भोवतालचा संवेदनशील पट्टा धरून सुमारे ६५०० हेक्टर क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं.

आता चिखलाकडे येऊ. उल्हास नदीशी एका अरुंद फाट्यानं जोडलेली ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा मागे फिरतो. प्रत्येक फेरीत गाळ येतो, बसतो, पुन्हा हलतो. काठावरच्या तिवरांची पानं गळून याच गाळात कुजतात. जिवाणू ती फोडतात, त्यांच्यावर बारीक किडे, खेकडे आणि कोळंबीची पिल्लं पोसली जातात. ओहोटीत गाळाच्या अंगावर ऊन पडलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालाची साय धरते. आपल्याला ओसाड दिसणाऱ्या त्या पट्ट्यावर ही सगळी वर्दळ चालू असते. गाळाच्या खालच्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिथलं कुजणं संथ चालतं आणि पानामुळांतला कार्बन फार मोठ्या काळासाठी गाडला जातो. नाक मुरडायला लावणारा वासही या प्राणवायूविना चालणाऱ्या कुजण्याचाच.

अशा जमिनीत झाड उभं राहणं सोपं नाही. तिवराची मुळं श्वास घेण्यासाठी चिखलातून वर डोकं काढतात आणि त्याच्या पानांवर मिठाचे कण येतात, कारण झाड नको असलेलं मीठ बाहेर टाकतं. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखं रोप खाली पडून गाळात उभं राहू पाहतं. पांढऱ्या चिप्पीची फुलं रात्री उमलतात. २०२० मध्ये तिला महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष घोषित करण्यात आलं. याच झाडीत सोनेरी कोल्हा राहतो. विक्रोळी-भांडुपच्या इमारतींतून रात्री कोल्हेकुई ऐकू येते, हे अनेक मुंबईकरांना सांगूनही पटत नाही.

पक्षी या चिखलाची वाटणी फार शिस्तीत करतात. छोटा टिलवा वरवरचं टिपतो. पाणटिवळा सरळ, लांब चोच गाळात खुपसतो. कोरल आपल्या वाकड्या चोचीनं त्याहून खोल जातो. यांतले बरेच जण मध्य आशिया आणि सायबेरियाकडून हिवाळ्यासाठी आलेले असतात. रोहितांची तऱ्हा निराळी. मान खाली वाकवून ते चोच उलटी पाण्यात धरतात, जिभेनं पाणी आतबाहेर करतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत खाणं गाळून घेतात. धाकट्या रोहिताची झालर इतकी दाट असते की त्यात सूक्ष्म शैवालही अडकतं. थोरला रोहित बारीक कोळंबी, अळ्या, शिंपले असं जाडंभरडं खातो. पिल्लं करड्या रंगाची असतात. खाण्यातली रंगद्रव्यं पिसांत उतरत जातात तशी गुलाबी छटा चढते. यांची वीण कच्छच्या रणाच्या परिसरात होते. सलीम अलींनी १९४५ मध्ये तिथल्या विशाल वसाहतीची नोंद केली होती. मुंबईत मात्र रोहित मोठ्या संख्येनं दिसू लागले ते १९९० च्या दशकात, आधी शिवडीच्या खाजणात.

ते तेव्हाच का आले, याचं एक उत्तर अस्वस्थ करणारं आहे. शहराचं सांडपाणी आणि त्यातली पोषकद्रव्यं खाडीत येत गेली, त्यावर शैवाल माजलं आणि धाकट्या रोहितांना ताट वाढलेलं मिळालं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. म्हणून थवे वाढले की खाडी निरोगी झाली, असं मानणं घाईचं ठरेल. खाडीची खरी तब्येत विचारायची असेल तर कोळ्यांना विचारावं.

चेंदणी, घणसोली, वाशी, दिवाळे इथले कोळी आणि आगरी अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून या चिखलावर जगत आले आहेत. बोईट, शिंगाळी, जिताडा, चिंबोरी, निवटी, कोळंबी ही त्यांच्या ताटातली आणि टोपलीतली नावं. भरतीची वेळ काढायला त्यांना कागद लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. हा हिशेब पाग टाकणाऱ्याच्या अंगात मुरलेला असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो तो पावसाळी बंदीनंतर होड्या पाण्यात घालताना. माशांना अंडी घालायला मिळालेली उसंत या सणाच्या आत जपलेली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला, नवं शहर उभं राहिलं. खाडीतली मासळी आटत गेल्याची व्यथा कोळीवाड्यांतली जुनी माणसं तेव्हापासून सांगत आहेत. त्यांचं म्हणणं आपण पक्ष्यांच्या मोजणीइतकं मनावर घेतलेलं नाही, याची मला खंत वाटते.

आगऱ्यांचा धंदा मिठाचा. उधाणाचं पाणी उघाडीतून बांधाच्या आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवत उन्हात आटवायचं आणि उन्हाळ्याअखेरपर्यंत मीठ ओढायचं. मुलुंड, भांडुप, कांजूर इथली मिठागरं याच कष्टातून घडली, आणि त्यातून पक्ष्यांचीही सोय झाली. खाडीत भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो. हजारो पक्ष्यांना चार-सहा तास उभं राहायला उथळ, मोकळी, निर्धोक जागा लागते. मिठागरांच्या उथळ कोंड्यांनी ती दिली. खाडीच्या पलीकडे नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांनीही दिली.

मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचं आहे. अभयारण्याची हद्द कागदावर थांबते. पक्ष्याचा दिवस भरतीबरोबर हद्दीबाहेर जातो. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला मनाई केली, २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष सुरू झाला, २०१८ च्या निकालानं संरक्षण आणखी पक्कं केलं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसुद्धा इथे खाडीखालून सुमारे ७ किलोमीटरच्या बोगद्यातून जाणार आहे. झाडाला आणि चिखलाला कायद्याचा आधार आहे. भरतीच्या वेळच्या विसाव्याला तो जेमतेम आहे.

२०२४ हे वर्ष पाहा. सीवूड्सच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट अडली, तळं सुकत गेलं आणि तिथे रोहित मरू लागले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाच्या धडकेत तीसहून अधिक रोहित मेले. सप्टेंबरअखेर राज्य मंत्रिमंडळानं मुलुंड, भांडुप, कांजूर भागातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनातल्या घरांसाठी वापरायला मंजुरी दिली. धारावीच्या माणसाला घर हवं, यात वाद नाही. पण जमीन निवडताना तिथे भरतीला कोण उभं असतं, हे कुणी तरी मोजायला हवं होतं. २०२५ मध्ये डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला राज्य वन्यजीव मंडळानं मान्यता दिली, ती नागरिकांनी धरलेल्या नेटामुळे. यानं दिशा बरोबर लागली आहे.

आता त्या तळ्यांच्या मोऱ्या दर पावसाळ्याआधी उपसल्या जायला हव्यात. विसाव्याच्या जागांची यादी उधाणाच्या भरतीला, प्रत्यक्ष पक्षी जिथे उभे असतील तिथे जाऊन करायला हवी. चेंदणीपासून दिवाळ्यापर्यंतच्या कोळ्यांना सोबत घेऊन, कारण कुठल्या तिथीला कुठलं खाजण कोरडं राहतं हे त्यांना ठाऊक आहे. आणि सिडको, महापालिका, मीठ विभाग व वन विभाग यांना ती यादी एकाच टेबलावर ठेवून तपासावी लागेल, कारण आज एकाच थव्याची सकाळ एका खात्याच्या हद्दीत जाते आणि दुपार दुसऱ्याच्या.